ओट्याची कड

या, असे जवळ सरकून बसा. आज टाळ नाहीत, मृदंग नाही, आख्यान देवाचंही नाही. एका ओट्याची गोष्ट सांगतो, आणि तो निवडताना एका भल्या माणसाच्या हातून झालेल्या चुकीची. भला माणूस, बरं का. वाईटाच्या चुका सांगायला तुम्हाला कशाला बोलावू?

"काळा कडाप्पा, आन् त्याच्या कडंला पांढरी पट्टी," मैना म्हणाली.

बोर्ली पंचतनच्या लाद्यांच्या दुकानात तिचा नवरा शिवदास अवघडून उभा होता. मुलगा निकेश पनवेलला नोकरीला. आईचं स्वयंपाकघर नवं करायचं त्याने मनावर घेतलेलं, आणि निवड करायला बायकोला, मृणालीला, धाडलेलं.

"आई, झेब्रा क्रॉसिंग वाटेल हो!" मृणाली हसली, पण मायेनेच. "हे बघा. ओटा ग्रे, भिंत ग्रे, ट्रॉल्यापण ग्रे. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी हेच केलंय. डागसुद्धा दिसत नाही."

"डाग दिसला पायजे, बाय. न दिसून कसं चालंल?" मैनाने नमुन्याच्या लाद्या डोळ्यांशी नेऊन नेऊन पाहिल्या. "भितीला ही पिवळी. आन् कपाटांना लाल मुठी."

"मैने, सैपाकघर करायचं हाय, का एसटीचा ष्ट्यांड?" शिवदास म्हणाला.

दुकानदार हसला, मृणाली हसली. मैनाही हसली. मग करड्या फरशीच्या नमुन्याच्या काठावरून तिने अंगठा फिरवला, एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि म्हणाली, "तुमी म्हनाल तसं."

तीस वर्षं ती असंच म्हणत आली होती, आणि तीस वर्षं शिवदास त्याला होकार समजत आला होता.

ओटा झाला. बायका बघायला आल्या. शेजारची सत्यवती म्हणाली, "मैने, ढगात उभी राहून भाकऱ्या भाजतेस की गं!" शिवदासाची मान ताठ झाली.

पुढे कप फुटू लागले. चहा कपाऐवजी बशीत पडू लागला. एकदा दुधाचं पातेलं खाली गेलं, तेव्हा तो ओरडलाही, "ध्यान कुठं असतं तुजं?"

"म्हातारी झाले," एवढंच ती म्हणाली.

देवळातल्या सप्त्याला काल्याचं कीर्तन झालं त्या दुपारची गोष्ट. शिवदास टाळकरी. हातात काल्याचा द्रोण घेऊन तो मागच्या दाराने आत आला. कीर्तनातला रंग अजून अंगावर होता. आत मैना पेजेचं पातेलं धरून उभी होती. तो आल्याचं तिला कळलं नाही. एका हाताने पातेलं छातीशी सांभाळत ती दुसऱ्या हाताने पुढची हवा चाचपत होती. बोटं ओट्याला लागली. तिने पातेलं ठेवलं. अर्धं ओट्यावर, अर्धं अधांतरी.

गरम पेज पायावर सांडली. ती ओरडली नाही. फडकं घेऊन खाली बसली आणि सगळी जमीन तळहाताने तपासू लागली, कोरडी होती तीसुद्धा.

"मैने, कवापासून?"

तिचा हात थांबला.

"गेल्या शिमग्यापासून. डाक्टर म्हनला, काचबिंदू हाय. गेलं ते परत येत न्हाय. थेंब घालायचे, ऱ्हाईल ते ऱ्हाईल."

"तू तर गुडघ्याच्या डाक्टरकडं जात होतीस!"

"तसं सांगून जात होते."

शिवदास तिच्याशेजारी ओल्यातच बसला. तिच्या पायावर थंड पाणी ओतता ओतता म्हणाला, "मला का न्हाय सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर चुलीपाशी उभं ऱ्हाऊ दिलं असतंत? पाटावर बसवून देव केला असता माजा. सगळा निवद म्होरं, आन् हाताला काम न्हाय." फडकं पिळत ती म्हणाली, "काळ्यावर पांढरं तेवढं दिसतं मला. ह्या ढगात माजाच हात मला गावत न्हाय."

एसटीचा ष्ट्यांड. स्वतःचेच शब्द त्याला पेजेपेक्षा जास्त भाजले.

"उद्याच फोडतो हा ओटा."

"नको. पोर इचारंल, का फोडला? जीव लावून केलंय तिनं." तिने त्याचं मनगट धरलं. "कुनाला सांगू नका. निकेशला बी न्हाय. काल्याचा द्रोण हाय म्होरं, सांगा, न्हाय सांगनार."

त्याने शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंघोळ करून शिवदासाने देवघरातली रांगोळी उचलली. उभ्या जन्मात रांगोळीला हात न लावलेला माणूस. ओट्याच्या कडेकडेने त्याने जाड पांढरी रेघ ओढली. मैना आली, वाकली.

"गाडी रुळावरनं उतरलीय," ती म्हणाली. "पन दिसतेय."

तेव्हापासून रोज रात्री ओटा पुसला जाई आणि रोज पहाटे रेघ उमटे. दिवाळीला मृणाली म्हणाली, "बाबा, तुम्ही रांगोळी काढता? सो स्वीट!"

"सेवा हाय, पोरी," तो म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं.

दोन वर्षं गेली. एका सकाळी शिवदासाला तापाने उठायला उशीर झाला. तो दाराशी पोचला तर मैना आधीच ओट्याशी उभी. कोरा, करडा ओटा. त्याची चाहूल लागताच ती खाली वाकली, जराशी रेंगाळली, आणि हसून म्हणाली,

"आज रेघ अगदी सरळ आलीय हो!"

शिवदासाने चौकट धरली.

"व्हय," तो म्हणाला. "आज जमली."

ती पाणी आणायला वळली तेव्हा त्याने रांगोळी घेतली. रेघ ओढली. रोजच्यापेक्षा जाड, बोटाला दाणा लागेल अशी. मैना परत आली. तिचं बोट पुढे सरकलं, दाण्यांवर थांबलं. मग तिने पातेलं ठेवलं. रेघेच्या आत, नीट, आवाजही न करता.

मंडळी, उद्या ओटा पुसून गॅसपाशी रांगोळीचं बोट ओढाल, तेव्हा एवढं करा. घटकाभर आमच्या मैनेची आठवण काढा.