हरभऱ्याची आंब

मी देवकाबाई, अल्लीपूरची. कोनाचं पोट दुखलं का लोक माह्या दारी येत. हरभऱ्यावर संध्याकाळी पांढरं धुडकं पसरून ठेवाचं, पहाटे दवानं भिजलं का पिळाचं. ते आंबट पानी म्हनजे आंब. माह्या सासूची विद्या, अन् मले तिचा लय तोरा होता.

त्या साली वावरात मर रोग शिरलता. बुरशीनं उभं झाड दोन दिवसात वाळे. कृषी कॉलेजातला योगेंद्र आमच्याच वावरात प्रयोग करून राह्यलता. "काकू, हे औषध बुरशीले मारत नाई," तो सांगे, "झाडाले आदीच सावध करते. मंग झाड सोताच लढते."

"म्हनजे लेकराईले टोचतात तसं?" म्या इचारलं, तं हासला. पोरगा गुनाचा, पन अर्धी गोष्ट पोटातच ठेवे.

पौषातल्या एका सकाळी आमचा बुढा, माहा नवरा तानबा, पोट धरून बसला. कालपासून दुखते म्हने. धुडकं पिळून आनलंच होतं. वाटीभर आंब पाजली, "नीज आता गुमान" म्हनलं अन् चुलीपाशी गेली.

तेवढ्यात योगेंद्र आला. दोरीवरचं ओलं धुडकं पाहून त्याचं तोंडच उतरलं.

"काकू, हे कोनत्या ओळीवर टाकलतं?"

"काऊन रे?"

काल मी बाजाराले गेलती, तवा त्यानं फवारनी केलती. अर्ध्या ओळीईवर त्याचं औषध, अन् तुलना कराले बाकीच्या ओळीईवर बुरशी मारायचं जहर. मले सांगाचं राहून गेलं, म्हने! अंधार पडता पडता म्या कुठं पसरलं, मले काय आठवते? अन् आत बुढा ओकाले लागला.

"मेल्या, माह्या नवऱ्याचा जीव घेतला तू!" म्या बोंबच ठोकली.

शेजारच्या जीपमंदी बुढ्याचं डोकं मांडीवर घेतलं. सावंगीच्या दवाखान्यापर्यंत एकच घोकत गेली, माह्याच हातानं पाजलं, माह्याच हातानं. देवाले नवस बोलाचंही सुचलं नाई.

डॉक्टरीनबाईनं सगळं आयकून घेतलं, डोळे पाह्यले, पोटाच्या उजव्या अंगाले खाली दाबलं. बुढा जोरानं वरडला.

"विषाचं काही दिसत नाही," ती म्हनली. "अपेंडिक्स आहे. फुटायला आलंय. आत्ताच ऑपरेशन करावं लागेल."

दुपारी ती बाहेर आली. "वाचले. लवकर आणलंत म्हणून. आज घरीच ठेवलं असतं तर कठीण होतं."

योगेंद्र वावरात धुडक्याखाली दबलेले शेंडे पाहून दवाखान्यात आलता. धुडकं त्याच्या औषधाच्याच ओळीईवर होतं, जहराच्या नाई. भिंतीले टेकून तो लेकरासारखा रडला. "सुटलो काकू आपन," म्हने.

मी काई सुटली नाई. हा पोरगा आला नसता, मले जहराचं भेव घातलं नसतं, तं म्या बुढ्याले निजवूनच ठेवलं असतं. तीन दिवस आंब घ्याची, दुसरं औषध नाई, असं म्या सगळ्याईले सांगे.

त्याच्या आदल्या साली बापूरावची सून, सपना, आलती. उजवीकडं खाली दुखते, म्हने. तिले म्या तीन दिवस आंब पाजली. चौथ्या दिवशी गेली. तिचं आयुष्यच तेवढं होतं, असं सगळे म्हनले. सगळ्यात आदी म्याच म्हनलतं.