विरी गेलेलं पीठ

"गाठ कुटं हाय, दाव की मला!" नीलम्मानं दवाखान्याची फाइल ओट्यावर आदळली. "दोन वर्सामागं शिबिरात छातीचा फोटो काढला, तवा साफ म्हणले. आता बी हाताला काय लागंना. मी न्हाय येणार उद्या."

उद्या एमआरआय होतं. छातीवरची कातडी जराशी आत ओढल्यासारखी दिसली, म्हणून महेश्वरीनंच आईला, अव्वाला, तपासायला नेलं होतं. बायोप्सीत लोब्युलर कॅन्सर निघाला. स्तनाच्या कॅन्सरमधला कमी आढळणारा प्रकार. बीएस्सी झालेल्या महेश्वरीनं कागदावर पेशी काढून दाखवल्या, त्यांच्यात नसलेल्या प्रथिनाचं नावसुद्धा सांगितलं.

"तुझं कॉलेज ऱ्हाऊ दे. भाकरी कर. माझा हात दुखतोय."

डब्याच्या तळाला दीड महिन्यापूर्वीचं ज्वारीचं पीठ होतं. तपासण्यांच्या धावपळीत दळण राहूनच गेलेलं. महेश्वरीनं मळून थापायला घेतलं, तर भाकरी कडेनं चिरत गेली आणि परातीतच फुटली.

"विरी गेली की त्याची!" अव्वा हसली.

हेच हसू. होटगीच्या घरात दहा वर्षांच्या महेश्वरीची पहिली भाकरी अशीच फुटली होती. वडलांनी, अप्पांनी, तुकडे भाजायला लावले, दुधात कुस्करले आणि "आज लईच गोड झालीया" म्हणत वाटी निपटून खाल्ली. बाहेरून मालगाडी जात होती, मांडणीतली भांडी थरथरत होती. आता अप्पाही नव्हते आणि ते घरही.

महेश्वरीनं फुटका तुकडा उचलला. "अव्वा, तुझ्या पेशींचं हेच झालंय. एकमेकींना धरून ठेवणारी विरीच गेलीय त्यांची. गाठीसारखा गोळा होत नाही. एकीमागं एक, ओळीनं पसरत जातात. म्हणून फोटोतही कधीकधी दिसत नाहीत."

नीलम्मानं तुकडा घेतला, मुठीत दाबला, मूठ उघडली. भुगा परातीत पडला.

"गोळाच न्हाय, तर हाताला काय लागणार," ती स्वतःशीच म्हणाली. मग, "गरम पाण्यात मळलं की जमतंय की पीठ."

"याला गरम पाणी चालत नाही अव्वा. ऑपरेशनच. पण कुठवर पसरलंय, ते आधी बघायला पाहिजे."

अव्वानं उरलेले तुकडे गोळा करून तव्यावर टाकले. भाजून झाल्यावर वाटीत कुस्करले, दूध ओतलं आणि वाटी लेकीपुढं सरकवली.

"किती वाजता बोलावलंय?"

"साडेनऊला."

"मग जाताना दळण टाकू. हे पीठ नको आता."