शंभरच्या खुणेपासून

गाडीतून परत उतरवलेली दारं सात होती. स्वयंपाकघरातल्या ज्या कपाटाला ती लावायची होती, त्याच्यासाठी दाराची उंची हवी होती सातशे चौदा मिलिमीटर. दारं भरली सहाशे चौदा. एखादं चुकलं असतं तर नजरचूक म्हणून सोडून देता आलं असतं. सातही बरोबर शंभरानेच आखूड होती.

माप ताईने घेतलं होतं, कापलं होतं धाकट्या भावाने. सुतारकामाच्या त्या शेडमध्ये तिसरं कुणी नव्हतं, त्यामुळे खापर फोडायला डोकीही दोनच.

"तू फोनवर दिलेल्या मापानेच कापलंय," भाऊ म्हणाला. "माझ्याकडे बघू नकोस."

ताईच्या जिभेवर वाक्य तयार होतं : लक्ष कुठे असतं तुझं? गेल्या वर्षी हेच वाक्य तिने तोंडावर फेकलं होतं आणि खिळ्या (भाऊ लहानपणापासून अंगाने खिळ्यासारखाच, म्हणून हे नाव) तीन महिने दुसऱ्याच्या शेडमध्ये कामाला गेला होता. तिथलं दार त्याला अजून उघडं होतं. या खेपेला गेला तर तो परतणार नाही, हे तिला कळत होतं.

तिने करवतीचं मशीन बंद केलं. "खिळ्या, माझं डोकं तापलंय. आत्ता बोलले तर तोडून बोलेन. तोंड धुऊन येते. पळून जात नाहीये."

"ये, नाहीतर नको येऊस." पण तो जागचा हलला नाही.

ती परतली, समोर स्टूल ओढून बसली. "माप मिळाल्यावर तू काय काय केलंस, ते आधी सांग. मी मध्ये बोलणार नाही."

"बोललीस तर?"

"तर आजचा भुसा मी झाडीन."

तो जमिनीकडे बघत बोलू लागला. "तुझ्या टेपचं टोक वाकलंय, म्हणून तू शंभरच्या खुणेपासून मोजतेस. मागच्या त्या पुस्तकांच्या कपाटाला शंभर वजा करायला विसरलीस. मी गुपचूप सांभाळून घेतलं. म्हणून या वेळी मीच वजा केले."

ताईचं तोंड उघडलं. भुसा घोट्यापर्यंत होता. तोंड मिटलं.

"झालं माझं," तो म्हणाला.

"मी सांगण्याआधीच वजा केले होते," ती सावकाश म्हणाली. "मागे विसरले, हे आज कळतंय. तेव्हा का नाही बोललास?"

"बोललो असतो तर काय झालं असतं?"

तिने खरंच विचार केला. "अंगावर आले असते."

"मग?"

"ते माझं चुकलं. पण मला न विचारता आकडा बदललास, ते तुझं."

त्याने नखावरचा वाळलेला डिंक खरवडून काढला. "हो," तो म्हणाला. "ते माझं."

तिने टेप भंगाराच्या डब्यात टाकली. "तुझ्या हट्टापेक्षा जुनी होती."

"हट्टाला काही बोलू नकोस, तो अजून नीट चालतो."

संध्याकाळी दोघं नवी टेप घेऊन पुन्हा त्या स्वयंपाकघरात गेले. एकाने वाचायचं, दुसऱ्याने तोच आकडा मोठ्याने म्हणायचा, वजाबाकी कुणीच करायची नाही, असं वाटेत ठरलं होतं. त्याने टोक धरलं, तिने वाचलं : सातशे चौदा. मग जागा बदलल्या. तिने टोक धरलं, त्याने वाचलं.

सातशे तेरा.