बिनऔषधाचा धूर

मी एक जुने धूर मारायचे यंत्र आहे. पोटात छोटे इंजिन, पुढे लांब पोलादी नळी, वर पट्टा आणि खाली टाकी. मित्रांनो, इक्वाडोरच्या किनाऱ्यावर खाडीकाठच्या एका गावात, आरोग्यकेंद्राच्या मागच्या खोलीत मी खिळ्याला टांगलेले आहे. माझ्या पट्ट्यात आता कोळी राहतो. त्याच्याविषयी माझी तक्रार नाही.

समुद्रापलीकडच्या कारखान्यातून मी पेटीत बसून आले आणि आरोग्यकेंद्राचे फवारणीवाले मास्तर आब्दोन यांच्या खांद्यावर चढले. पावसाळा आला की डासांचा ताप यायचा आणि मग आम्ही दोघे गल्लीगल्लीतून फिरायचो. माझा आवाज कानठळ्या बसवणारा. तो ऐकला की सगळी दारे-खिडक्या उघडायची, कारण धूर घरात शिरल्याशिवाय आतले डास मरत नाहीत. बायका भातावर झाकण घालायच्या, पोपटाचा पिंजरा आणि म्हातारी माणसे बाहेर आणायच्या आणि समोरच्या कडेला गप्पा मारत उभ्या राहायच्या. मास्तर मात्र तेवढ्यावर थांबत नसत. परसात शिरून पाण्याची पिंपे स्वतः उलटी करत आणि घरवालीला चार शब्द ऐकवत. लोक कौतुक माझे करायचे आणि कुरकुर मास्तरांविषयी.

पुढे मास्तर निवृत्त झाले, फवारणीला शहरातून गाडी येऊ लागली आणि मी केंद्राच्या अडगळीत पडले; खोलीची किल्ली मात्र मास्तरांकडेच राहिली. तिथून मला हाइरोने काढले.

हाइरो गावातल्या लग्नांचे आणि मुलींच्या पंधराव्या वाढदिवसाच्या सोहळ्यांचे व्हिडिओ काढायचा. त्याला भयपट काढायचा होता. गावात साथ येते, धुक्यातून पसरते आणि माणसे एकमेकांना चावत सुटतात. पदरी पैसा नव्हता. कातडी सोलल्यासारखी दिसावी म्हणून कसाव्याच्या कंदाची खळ, रक्तासाठी शेंदरीच्या बिया आणि धुक्यासाठी मी.

"मास्तर, यंत्र द्या. तुम्हाला पिक्चरमध्ये डॉक्टर करतो," तो म्हणाला.

"डॉक्टर शेवटी मरतो का?"

"सगळ्यात शेवटी."

"मग ठीक आहे," मास्तर म्हणाले. टाकीत डिझेल आणि थोडे ग्लिसरीन पडले. औषधाचा थेंबही नव्हता.

दृश्य असे होते की धुके येताच गल्लीतली दारे धडाधड बंद व्हायची. हाइरोने घरोघरी तसे सांगूनही ठेवले होते. पण मी सुरू झाले आणि सगळी गल्ली सवयीने उघडली. भातावर झाकणे आली, पिंजरे बाहेर आले.

"दारं बंद करा, मावशी," हाइरो ओरडला.

"बंद केली तर धूर आत कसा येणार, बाळा?" ओब्दुलिया मावशी म्हणाली. त्याची आई नार्सिसा तर पोपट काखोटीला मारून थेट कॅमेऱ्याकडे बघत हसत होती.

हाइरो क्षणभर चिडला, मग चित्रण करत राहिला. माणसे निवांतपणे साथीला घरात घेत आहेत, हे त्याच्या कथेपेक्षा भयंकर दिसत होते. तो खूश झाला. धुरात औषध नाही हे कुणाला सांगायचे राहून गेले, आईलाही. मास्तर पांढऱ्या डगल्यात मरायची तालीम करत होते, त्यामुळे परसात कुणी शिरले नाही.

पुढच्या आठवड्यात आरोग्यकेंद्राची नर्स पिंपे बघायला आली. नार्सिसाने तिला दारातूनच परत पाठवले. "आमच्याकडे फवारणी झाली. माझ्या पोरानंच करवून घेतली," ती अभिमानाने म्हणाली. इतर घरांतही हेच उत्तर मिळाले.

मग ताप आला. गल्लीत बरेच जण आडवे झाले. नार्सिसाचा ताप उतरला, तिने माशाचे सूप मागितले, सगळ्यांना हायसे वाटले. त्याच संध्याकाळी हिरड्यांतून रक्त येऊ लागले आणि तिला शहरातल्या रुग्णालयात हलवावे लागले. तिथे तिने डॉक्टरांनाही सांगितले की आमच्या गल्लीत फवारणी झाली आहे. हाइरो खाटेजवळ उभा राहून ते ऐकत होता.

सकाळी तो मास्तरांकडे आला.

"टाकीत काय भरू?" मास्तरांनी विचारले.

"काही नको. नुसतं चालू करून द्या."

त्याने मला खांद्यावर घेतले आणि गल्लीच्या मध्यावर उभा राहिला. दारे उघडली. जी धड होती ती माणसे बाहेर आली आणि धुराची वाट बघू लागली. हाइरोने इंजिन बंद केले.

"त्या दिवशी धुरात औषध नव्हतं. नुसतं डिझेल होतं, पिक्चरसाठी. मी सांगितलं नाही. पिंपं उलटी करा."

मग ओब्दुलिया मावशीने विचारले, "तुझ्या आईला ठाऊक होतं?"

"नाही."

मावशी वळून परसात गेली. तिचे पिंप पडल्याचा आवाज आला. मग शेजारचे, मग त्यापलीकडचे. आईचे पिंप हाइरोने स्वतः उलटे केले. पाण्यात अळ्या वळवळत होत्या.

नार्सिसा परत आली नाही. चित्रपट पुढे पुरा झाला नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या यंत्रांनी शेवटी म्हणायचे असते की आम्हाला पुसा, तेल द्या, गंजू देऊ नका. मी तसे म्हणत नाही. गंजले तर गंजले. पण पुन्हा कधी मला कुणाच्या दारात नेलेत, तर टाकीत काय आहे ते आधी सांगा. माझ्या आवाजावर विश्वास ठेवून माणसे दार उघडतात.