टेटरची जात

अमेरिकेतल्या टल्साच्या त्या अपार्टमेंटांत एकही पिटबुल नव्हता. कागदावर नव्हता, म्हणजे. रुंद जबड्याची, छाती काढून चालणारी कुत्री रोज सकाळी गवतावर तंगडी वर करायची, आणि सगळीच्या सगळी 'लॅब मिक्स', म्हणजे गरीब लॅब्राडॉरची संकरित पिलं. घर भाड्यानं हवं तर विमा काढलाच पाहिजे, हा मालकाचा नियम. चावरी जात म्हणून पिटबुल पाळणाऱ्याला विमा द्यायचा नाही, हा विमावाल्यांचा. दोन दगडांच्या फटीत भाडेकरूनं मान घालायची आणि वर हसत सही करायची. विमा तरी कुणासाठी? भाडेकरूच्या भांड्याकुंड्यांची कुणाला पडली होती? उद्या काही झालं तर मालकाच्या गळ्याशी येऊ नये, एवढ्यासाठी.

व्हर्नेल टब्सनंही तशीच सही केली होती. शाळेच्या कॅन्टीनमध्ये रांधणारी बाई. नवरा गेलेला, घरात दुसरा जीव म्हणजे तिचा कुत्रा, टेटर. भाडे-ऑफिसातली पोरगीच म्हणाली होती, "लॅब लिहा हो. इथं सगळे लॅबच आहेत."

तोच टेटर आता पलंगाखाली थरथरत होता, आणि स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये डेल्बर्टचं रक्त वाहत होतं.

डेल्बर्ट इमारतीचा कृष्णवर्णीय दुरुस्तीवाला. एसीची जाळी बदलायला आला होता. त्याची शिडी घसरून धाडकन पडली, आणि दचकलेल्या कुत्र्यानं समोर आला तो हात जबड्यात धरला.

"आतलं पांढरं दिसतंय रे," व्हर्नेल म्हणाली. तिच्या हातातलं फडकं लाल झालं होतं.

"दिसू दे. आतून तरी मी गोरागोमटा आहे म्हणायचा." तो हसला, पण त्याचे ओठ राखेसारखे झाले होते.

"दवाखान्यात चल."

"आणि सांगू काय? कुत्रं चावलं म्हटलं की ते कुत्रेवाल्या खात्याला कळवतात. खात्याची माणसं येणार, टेटरला बघणार. त्याला लॅब म्हणायला माणूस आंधळाच पाहिजे, बाई."

पुढचं व्हर्नेलला कुणी सांगायची गरज नव्हती. खोटं लिहिलं म्हणून विमा रद्द. विमा नाही म्हणून घर नाही. आणि टेटरला गाडीत घालून नेतील, ते परत आणायला नव्हे.

तरी तिनं गाडी काढली. वाटेत डेल्बर्ट म्हणाला, "एसीच्या पंख्याचं पातं लागलं म्हणतो."

"वीज बंद न करता हात घातलास, असं सांगणार? तुझ्या आधीच्या रॉयला त्याच्यावरूनच हाकललं ना?"

"रॉय मूर्ख होता."

"आणि तू?"

"मी म्हातारा आहे. गाडी चालव."

तिनं चालवली. त्यानं स्वतःहून खोटं बोलावं आणि आपण गप्प राहावं, असं तिला मनापासून वाटत होतं. त्याची तिला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती मोठी होती.

नर्सनं फडकं सोडलं. "कशानं झालं हे?"

"पंखा," डेल्बर्ट म्हणाला.

नर्सनं हात उलटा करून पाहिला. दोन्ही बाजूंना भोकं होती. "पंख्याला दात होते वाटतं? हे बघा, चावा असेल तर मला औषध वेगळं द्यावं लागेल. नाहीतर हात सडतो. नीट सांगा."

"पंखाच."

त्यानं व्हर्नेलकडे पाहिलं नाही. बोटं सुजून जांभळी होत चालली होती. ती बघत व्हर्नेल पुढे झाली.

"कुत्रं चावलं. माझं."

"बाई, गप्प बस," डेल्बर्ट पुटपुटला.

"जात कोणती?" नर्सनं विचारलं.

"पिटबुल."

"रेबीजची लस दिलीय?"

"दिलीय. सगळ्या दिल्यात."

नर्सनं तिचा पत्ता लिहून घेतला, पडदा सारला आणि बाहेर जाऊन कुत्रेवाल्या खात्याला फोन लावला. व्हर्नेल स्टुलावर बसली.

"तुला काय धाड भरली होती?" डेल्बर्ट म्हणाला.

पडद्यापलीकडून नर्स व्हर्नेलच्या घराचा पत्ता सांगत होती, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, म्हणजे ऐकणाऱ्याची चूक होऊ नये.