माशी की मासी

मानसिंगराव बडोद्याच्या पाणीगेटचे, संस्थानच्या पलटणीतल्या घराण्यातले. वडील कुणा साहेबाबरोबर काश्मीरला गेले नि डोंगरनदीत ट्राउट धरायला शिकून आले. गळाला गांडूळ लावायचं नाही, पिसांची खोटी माशी बांधायची आणि पाण्यावर नाचवायची. मुलानं तोच नाद धरला. आता ट्राउट बडोद्याला कुठून यायची! मग भाद्रपदात पूर ओसरला की स्वारी करजणच्या पुढे, नर्मदेवर. बायको इंदिराबाई कुरकुरायच्या, पण डबा स्वतः भरून द्यायच्या.

त्या दुपारी एक महासीर मासा लवकरच लागला. त्याला टोपलीत घालून, टोपली पाण्यात बुडती ठेवून मानसिंगराव पुन्हा डोहाच्या कडेला गुडघाभर पाण्यात उभे राहिले.

"काका, शुं नाखो छो?" काय टाकताय, काठावरच्या नावाड्यानं विचारलं.

आता मानसिंगरावांचं गुजराती म्हणजे आनंदच! मराठीलाच हेल काढून ठोकून द्यायचं. माशीला गुजरातीत माखी म्हणतात, हे काही सुचलं नाही. म्हणाले, "मासी! घरनी छे, हाथे बांधेली." घरची आहे, हातानं बांधलेली.

नावाडी चरकला. गुजरातीत मासी म्हणजे मावशी. "या डोहात नात्याचं नाव घेऊन काही टाकायचं नसतं," तो आपल्या भाषेत म्हणाला. "ज्याचं नाव घ्याल, त्याला पाणी नेतं."

"अरे बाबा, किडा रे, किडा!" मानसिंगराव हसले. पण हसता हसता आठवलं, शेजारची सगळी पोरं इंदिराबाईंना मासीच म्हणायची.

तेवढ्यात पाण्यावर तरंगणारी माशी सरळ खाली गेली. हिसका नाही, झटापट नाही. कुणी हळूच पदर ओढावा तशी दोरी आत सरकू लागली. आणि डोहातून आवाज आला, "अहो..."

तीस वर्षं ऐकलेला आवाज. चुकणार कसा? "अहो, मला इथे कशाला आणलंत?"

"नको गं बाई, नको!" त्यांनी दोरी दातांनी तोडली, टोपली उचलली आणि जिवंत महासीर डोहात भिरकावला. ओरडले, "मासी नको! मासा घे, मासा!"

आवाज थांबला. पाणी काचेसारखं स्थिर झालं. मानसिंगरावांनी हुश्श केलं, डोळे पुसले.

काठावर नावाड्यानं डोक्याचं फडकं काढून छातीशी धरलं होतं.

"आ शुं बोल्या, काका?" हे काय बोललात, असं विचारून तो म्हणाला, "आमच्यात मासीच्या नवऱ्याला मासा म्हणतात."

मानसिंगरावांनी खाली पाहिलं. पाणी कमरेला लागत होतं. त्यांनी तर पाऊलही पुढे टाकलं नव्हतं. पाय उचलून पाहिला, उचलेना. भीती वाटली, फार वाटली. पण इंदिराबाई घरी सुखरूप आहे, एवढं मनात आलं आणि त्यांनी नावाड्याला हाक मारायचं सोडून दिलं.