दाताखालचं धान

२००६ साल होतं, दिवाळी होऊन तीन आठवडे झाले होते. वणीकडच्या आमच्या गावात सगळ्यांचा कापूस, आणि कापसाला त्या वर्षी भाव नव्हता. आमचं नाल्याकाठचं दीड एकर मात्र पाणथळ. तिथे कापूस सडायचा, म्हणून सासऱ्यांपासून धानच.

वीस पोती झाली. मला दहा ठेवायची होती. आमची गौरी जेठात पहिल्या बाळंतपणाला यायची होती, आणि नव्या तांदळाचा भात बाळंतिणीच्या पोटाला जड पडतो; ठेवलेलं धान तोवर सहा महिन्यांचं जुनं झालं असतं. यांना सगळंच विकायचं होतं. त्यांचंही खरंच होतं. आदल्या वर्षी मी हट्टानं ठेवायला लावलेलं धान कणगीत बुरशी येऊन गेलं होतं. ते मी घाईनं ओलंच भरलं होतं.

आमच्याकडे हे दातानं ठरतं. दाणा कट्‌ वाजून तुटला तर ठेवायचा, नुसता दबला तर विकायचा. व्यापाऱ्याला ओलं चालतं, चार दिवसांत ते गिरणीत जातं. चावून बघायचं काम घरच्या बाईचं, कारण कणगी तिच्या हातात.

व्यापारी जफरभाई टेम्पो घेऊन आले तेव्हा यांनी खळ्यावर सगळ्यांसमोर मूठभर धान माझ्यापुढे धरलं.

"वहिनी, दात मागच्या सालचाच हाय की नवा बसवला?" जफरभाई म्हणाले. हमाल हसले. हेही हसले.

मी दाणा दाताखाली धरला. तो दबला. वाजला की नाही, हे माझ्याशिवाय कोणाला कळणार नव्हतं. दुसरा घेतला, तोही तसाच.

"वलं हाय," मी म्हटलं.

हे माझ्याकडे बघत राहिले. "तुले तं ठेवाचं होतं ना वं? मंग काहून सांगतलं?"

"पोरीले बुरशीचा भात घालू काय?"

यांनी बिडी पेटवली. बिडी संपेपर्यंत ढिगाभोवती फिरले, मग म्हणाले, "जफरभाई, दहा पोती न्या. बाकीच्यावर मी पाय फिरवतो."

अर्धा टेम्पो रिकामा नेऊ काय, म्हणून जफरभाई कुरकुरले, पण चहा घेऊन गेले.

आठ दिवस हे उन्हात धान पसरून पायानं तास, म्हणजे सऱ्या, ओढत राहिले. संध्याकाळी झाकायचं, सकाळी उघडायचं. रोज एक दाणा मला आणून द्यायचे. नवव्या दिवशी कणगी भरली.

जेठात गौरीला मुलगी झाली. सव्वा महिना ती आमच्याकडे जेवली. आता गौरी पुसदला शाळेत शिकवते, नात नर्सिंगला आहे. जफरभाईंनी पुढे धानाचा धंदा सोडला. त्यांचा मुलगा साद वणीत कोळशाचे ट्रक दुरुस्त करतो. हे जाऊन आठ वर्षं झाली. शेत गावातल्या रामधनकडे बटईनं, अर्ध्या वाट्यानं आहे. तो धानच लावतो, आणि ठेवायचं किती हे त्याची बायको ठरवते. मी गौरीकडे असते.